आकाश मोजण्याचा धडा

माझे बालपण पेडणे तालुक्यातील एका खेड्यात गेले. बाजाराच्या दिवशी आई माझ्या हाती काचेची रिकामी बाटली देऊन खोबरेल आणावयास पाठवीत असे. दुकानदार वयोवृद्ध आणि मितभाषी होते. बाटली ते तराजूच्या एका पारड्यात ठेवीत, दुसऱ्या पारड्यात चार खडे आणि एखादा लोखंडाचा तुकडा टाकून काटा मध्यावर आणीत, आणि मगच वजन ठेवून तेल ओतीत. एकदा घरी जाण्याच्या घाईत मी त्यांना विचारले, ‘‘हे खडे कशासाठी?’’ ते म्हणाले, ‘‘बाबा, हा धडा. धडा केला नाही, तर तुझी आई तेलाच्या भावाने काच विकत घेईल.’’

पुढे मी शिक्षक झालो आणि धडा या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाशी माझा जन्माचा संबंध जडला. पहिला अर्थ मात्र मी विसरूनच गेलो होतो. तो पुन्हा भेटला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे ताऱ्यांचा प्रकाश मोजताना. या महिन्याचे सदर त्याविषयी आहे.

मराठीच्या शिक्षकाने ताऱ्यांच्या वाटेला का जावे, असे कोणी म्हणेल. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ मधील थोर ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही शाळेत शिकवूनच उदरनिर्वाह करीत, एवढेच उत्तर मी देईन. त्यांच्या विद्वत्तेचा वारसा सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण शाळेच्या नोकरीत रात्र आपली असते, एवढे तरी आम्हां उभयतांत समान आहे.

पुष्कळ पालक मला विचारतात, मुलाला आकाशाची आवड आहे, दुर्बीण घेऊन द्यावी काय? माझे उत्तर ठरलेले आहे. आधी एक वही घेऊन द्यावी. तारे पाहणे निराळे आणि तारे मोजणे निराळे. पाहण्याने मन प्रसन्न होते; मोजण्याने एक शिस्त अंगी येते. आणि या मोजण्यासाठी आरंभी डोळ्यांखेरीज कोणतेही साधन लागत नाही.

मोजावयाचे काय? आकाशातील सर्वच तारे सदासर्वकाळ सारख्या तेजाने तळपत नाहीत. काहींचे तेज कमीजास्त होत राहते. त्यांना आपण रूपविकारी तारे म्हणतो. ययाती या तारकासमूहातील मायावती, म्हणजेच अल्गॉल, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध तारा. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंदावतो आणि काही तासांत पूर्ववत होतो. या मंदावण्याचा नियम इंग्लंडमधील यॉर्क येथे राहणाऱ्या जॉन गुडरिक या तरुणाने १७८३ मध्ये जगापुढे मांडला. मायावतीभोवती एखादा काळा गोल फिरत असावा आणि तो आड येताच तारा मंदावत असावा, असा तर्कही त्याने केला. तो गोल म्हणजे दुसरा एक मंद तारा आहे, हे नंतर सिद्ध झाले. गुडरिकला ऐकू येत नसे. तो वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी वारला. त्याची पद्धत एवढीच होती, की मायावतीची शेजारच्या ताऱ्यांशी रोज तुलना करावयाची आणि वेळेसह ती लिहून ठेवावयाची.

ही तुलना समजण्यासाठी ‘प्रत’ हा शब्द जाणून घेतला पाहिजे. हिपार्कस या ग्रीक ज्योतिषाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ताऱ्यांचे तेजानुसार सहा वर्ग केले, असे मानले जाते. सर्वांत तेजस्वी ते पहिल्या प्रतीचे आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे ते सहाव्या प्रतीचे. म्हणजे परीक्षेतील क्रमांकासारखेच. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. या जुन्या पद्धतीला गणिताची शिस्त लावली नॉर्मन पॉग्सन याने. पाच प्रतींचे अंतर म्हणजे प्रकाशात बरोबर शंभर पटींचे अंतर, असे त्याने १८५६ मध्ये सुचविले. त्यामुळे एका प्रतीचे अंतर सुमारे २.५१२ पट ठरले, आणि हेच माप आज सर्व जग वापरते. हा पॉग्सन पुढे १८६१ पासून १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होता, आणि त्याच्याच हाताखाली चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नसते.

आता प्रत्यक्ष कृती. आपला रूपविकारी तारा निवडावा. त्याच्या जवळचे, ज्यांच्या प्रती ठाऊक आहेत असे दोन तारे हेरावेत. एक त्याच्याहून थोडा तेजस्वी, दुसरा थोडा मंद. या दोहोंतील अंतराचे मनाने दहा भाग कल्पावेत आणि आपला तारा तेजस्वी ताऱ्यापासून कितव्या भागावर बसतो, ते ठरवावे. उदाहरणार्थ, तेजस्वी तारा ०.९ प्रतीचा आणि मंद तारा १.६ प्रतीचा आहे. अंतर ०.७. आपला तारा दहांपैकी तिसऱ्या भागावर वाटला, तर ०.७ चे तीन दशांश म्हणजे ०.२१, ते ०.९ मध्ये मिळविले की १.११ येतात. वहीत १.१ असे लिहावे. डोळ्याची कुवत एक-दोन दशांशांपलीकडे जात नाही. म्हणून दशांशचिन्हापुढे दोन आकडे लिहून उगीच अचूकपणाचा आव आणू नये. आकड्याबरोबर तारीख, घड्याळातील वेळ, तुलनेसाठी घेतलेल्या दोन ताऱ्यांची नावे, चंद्र होता की नव्हता, आणि आकाश स्वच्छ होते की धुरकट, हे पाच तपशील आलेच पाहिजेत. त्यांवाचून आकडा म्हणजे सहीवाचून दाखला.

या पाच तपशिलांचे मोल मला ज्या प्रसंगाने शिकविले, तो आता सांगतो. त्यात माझा गौरव नाही. परंतु सदर चालवावयाचे तर तेही सांगितले पाहिजे.

२०१९ साली मी डिचोली तालुक्यातील एका सरकारी विद्यालयात होतो. दिवाळीनंतर नववीतील सात विद्यार्थ्यांना मी वह्या दिल्या आणि काक्षी या ताऱ्याची प्रत रोज नोंदविण्यास सांगितले. काक्षी म्हणजे पाश्चात्त्यांचा बीटलज्यूस; आपल्या मृगाच्या चार पायांपैकी ईशान्येकडचा तांबूस तारा. तोही रूपविकारीच आहे, परंतु त्याचे चढउतार सावकाश चालतात. तुलनेसाठी रोहिणी हा ०.९ प्रतीचा तारा आणि मृगाच्या वायव्य पायाचा बेलॅट्रिक्स हा १.६ प्रतीचा तारा मी निवडून दिला. मुलांना सोपे जावे म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहून ठेवली : ‘काक्षी – प्रत सुमारे ०.५’. पुस्तकांत तसे होते. ती ओळ महिनाभर तशीच राहिली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी वह्या तपासावयास घेतल्या. सहा वह्यांत ०.५, ०.५, ०.६ असे आकडे होते. सातव्या वहीत एका मुलीने लिहिले होते, ‘काक्षी रोहिणीपेक्षा मंद. १.१’. मला चूक कोठे झाली असावी ते तत्काळ उमगले, असे वाटले. तारा क्षितिजालगत असताना त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि वाटेत क्षीण होतो. तारा माथ्यावर असता हवेचा जेवढा थर आड येतो, त्याच्या दुप्पट थर क्षितिजापासून तीस अंशांवर आड येतो. डिसेंबरच्या आरंभी रात्री नऊच्या सुमारास रोहिणी बरीच वर आलेली असते आणि काक्षी खालीच असते. तेव्हा पाहिले, तर काक्षी आहे त्याहून मंद दिसणारच. मी लाल शाईने त्या आकड्यावर रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘तारा क्षितिजालगत होता. पुन्हा पाहा.’ एवढ्यावर थांबलो असतो, तरी बरे झाले असते. पण दुसऱ्या दिवशी तीच वही वर्गात उंच धरून निरीक्षणात चूक कशी होते, ते मी सर्वांना समजावून सांगितले. मुलगी काही बोलली नाही.

नाताळच्या सुटीत वृत्तपत्रांतून बातमी आली. काक्षी विलक्षण मंदावला होता. अमेरिकेतील विलानोव्हा विद्यापीठाचे एडवर्ड गिनन आणि त्यांचे सहकारी यांनी डिसेंबरच्या आरंभीच ज्योतिर्विदांना तसे कळविले होते, आणि त्या सुमारास काक्षीची मोजलेली प्रत होती सुमारे १.१. मी कपाटातून वह्या काढल्या. आता मी त्या मुलीचा वेळेचा रकाना वाचला. तिने लिहिले होते, ‘रात्री ११.१०’. त्या वेळी काक्षी आकाशात चांगला वर चढलेला असतो आणि हवेच्या थराने रोहिणीच्या तुलनेत पडणारा फरक नगण्य होतो. मी लाल रेघ मारताना तो रकाना वाचलाच नव्हता. आणि बाकीच्या सहा वह्यांतील आकडे आकाशातून आलेले नव्हते. ते माझ्या फळ्याच्या कोपऱ्यातून आले होते.

मी तिच्या घरी गेलो. अंगणात खनिजवाहू ट्रक उभा होता. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे गोव्यातील लोहखाणी बंद पडल्या, तेव्हापासून तो तसाच उभा होता, आणि चाकांच्या कडेने गवत वाढले होते. तिचे वडील तो ट्रक चालवीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, ‘‘सर, पोरीची चूक झाली म्हणून ती खूप खट्टू झाली होती. मीच म्हटले, मला काम नाही, झोपही येत नाही. चल, दोघे मिळून पुन्हा पाहूया. तीन रात्री पाहिले. आम्हांला तो तसाच दिसला. पण तुम्ही खोडलेले पुन्हा कसे लिहावे, म्हणून तिने लिहिले नाही.’’

तीन रात्रींची निरीक्षणे अशी माझ्या लाल शाईमुळे गेली. ती आता कोणालाच परत आणता येणार नाहीत. गेलेल्या रात्रीचे आकाश पुन्हा पाहता येत नाही.

सुटी संपल्यावर मी फळ्यावरची ती ओळ सर्वांसमक्ष पुसली आणि त्या मुलीची क्षमा मागितली. लाल रेघेखाली निळ्या शाईने लिहिले, ‘नोंद बरोबर आहे. चूक तपासणाऱ्याची.’ खाली सही व तारीख घातली. लाल रेघ मात्र मी मिटविली नाही. वहीत खाडाखोड करावयाची नाही, चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारावयाची आणि मूळ आकडा वाचता आला पाहिजे, हा निरीक्षणाचा नियम आहे. तो मुख्याध्यापकाच्या चुकीलाही लागू आहे. नंतर आम्ही आणखी दोन नियम केले. कोणी आपला आकडा दुसऱ्यास सांगावयाचा नाही, आणि पाहण्यापूर्वी आदल्या दिवशीचे पान उलटावयाचे नाही. फेब्रुवारीच्या मध्याला सात वह्यांत १.४ पासून १.८ पर्यंत आकडे आले. सरासरी आली १.६. जगातील उपकरणांनीही त्या सुमारास जवळजवळ तेवढीच प्रत मोजली होती. सात जणांचे आकडे परस्परांशी जुळत नव्हते, म्हणूनच त्यांच्या सरासरीवर माझा विश्वास बसला. डिसेंबरमधील सहा वह्या फार सुरेख जुळत होत्या.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. मुलांनी आपापल्या अंगणातून नोंदी चालू ठेवल्या आणि काक्षी पुन्हा उजळताना पाहिला. मे महिन्यात तो सूर्याच्या प्रकाशात बुडाला आणि पाठोपाठ पाऊस आला. काक्षी का मंदावला होता? २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू थंड होऊन त्याची धूळ बनली आणि ती त्याच्या पृष्ठभागाच्या काही भागाआड आली. ही मोठी उकल चिलीतील महाकाय दुर्बिणीच्या चित्रांवरून झाली. पण तारा कधी मंदावू लागला, किती मंदावला आणि कधी उजळला, याची अखंड आलेखरेषा काढण्यात जगभरच्या हौशी निरीक्षकांचा मोठा वाटा होता.

अशा नोंदी गोळा करणारी ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स’ ही संस्था १९११ पासून काम करीत आहे. सभासद नसलेल्यांचीही निरीक्षणे ती स्वीकारते. तिच्या जुन्या दप्तरांत जेसोरच्या राधागोविंद चंद्र यांचे नाव मानाने आढळते. हे गृहस्थ सरकारी खजिन्यात नोकरीस होते. शालान्त प्रवेशपरीक्षेत ते तीनदा अनुत्तीर्ण झाले होते. परंतु १९२० ते १९५४ या काळात त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची सदतीस हजारांहून अधिक निरीक्षणे या संस्थेस पाठविली. संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरावयास पाठविली. ती पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे आणि कावलूरच्या वेधशाळेकडे गेली. मी मुलांना ही हकिगत सांगतो, तेव्हा तीनदा अनुत्तीर्ण झाल्याचे मुद्दाम सांगतो.

डोळ्यांचा सराव झाला, की कॅमेऱ्याकडे वळण्यास हरकत नाही. लग्नसमारंभांची छायाचित्रे काढणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना कॅमेरा शाळेला दिला. त्याच्यावर आम्ही जे शिकलो, ते नवशिक्यांच्या उपयोगी पडेल.

कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. चित्र ‘जेपीजी’ स्वरूपात न घेता ‘रॉ’ या कच्च्या स्वरूपात घ्यावे. कारण जेपीजीत कॅमेरा आपल्या मर्जीने उजेड कमीजास्त करून चित्र सुंदर करतो आणि आपणांस सौंदर्य नको, हिशेब हवा. भिंगाची जुळणी किंचित बिघडवून ताऱ्याचा ठिपका थोडा पसरू द्यावा. कॅमेऱ्यातील प्रत्येक चित्रकण ही पावसात ठेवलेली एकेक बादली आहे, असे समजावे. बादली काठोकाठ भरून वाहू लागली, की किती पाऊस पडला हे कळत नाही. तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश एकाच बादलीत न पडता अनेक बादल्यांत वाटला गेला, तर एकही ओसंडत नाही आणि सर्वांची बेरीज घेता येते. काही सेकंदांची दहा-पंधरा चित्रे लागोपाठ घ्यावीत आणि कॅमेऱ्याचे घड्याळ आधीच बरोबर लावून ठेवावे.

आता येतो धडा. भिंगावर झाकण घालून, तेवढ्याच सेकंदांची आणि तशाच जुळणीची काही चित्रे घ्यावीत. ती काळीकुट्ट यावयास हवीत. पण येत नाहीत. यंत्राच्या स्वतःच्या उष्णतेमुळे त्यांत बारीकसा खोटा उजेड असतोच. हा रिकाम्या बाटलीचा भार. ताऱ्याच्या चित्रातून तो वजा केला नाही, तर आपण तेलाच्या भावाने काच विकत घेतो. आमच्या गावच्या दुकानदारांचे शब्द मला आठवले, ते ही काळी चित्रे प्रथम पाहिली तेव्हा.

एवढ्याने काम भागत नाही. भिंगाच्या कडेला उजेड मध्यापेक्षा कमी पोहोचतो, आणि धुळीचे कणही आपली सावली टाकतात. त्यासाठी सूर्य मावळल्यावर आकाश उजळ असतानाच भिंगावर धुतलेले पांढरे कापड ताणून सपाट उजेडाची चित्रे घ्यावीत. सर्वत्र सारखाच उजेड असूनही जेथे चित्र काळोखे येते, तेथे यंत्र आपल्याला कमी मोजून देते, हे त्यावरून कळते. आणि त्या प्रमाणात भागाकार करून ते भरून काढता येते. तराजूचा एक दांडा आखूड असेल, तर तो किती आखूड आहे हे ठाऊक असणे पुरेसे असते.

मग ताऱ्याभोवती वर्तुळ कल्पून त्यातील उजेडाची बेरीज घ्यावी, आणि बाहेरच्या कड्यावरून आकाशाचा स्वतःचा उजेड किती, ते काढून वजा करावा. हे काम करणाऱ्या संगणकप्रणाली विनामूल्य मिळतात. समजा, आपल्या ताऱ्याचा उजेड १.६ प्रतीच्या ज्ञात ताऱ्याच्या १.५८ पट भरला. १.५८ चा लघुगणक जवळजवळ ०.२, त्याला २.५ ने गुणले की ०.५, आणि १.६ मधून ०.५ वजा केले की आपली प्रत १.१. दहावीच्या मुलाला हे गणित एका संध्याकाळी समजते.

येथे थांबण्याचा मोह होतो, पण थांबू नये. ज्याची प्रत आधीच माहीत आहे असा तिसरा तारा घ्यावा आणि तो माहीत नसल्यासारखा मोजावा. हा पडताळ्याचा तारा. त्याचे उत्तर बरोबर आले, तरच आपल्या ताऱ्याच्या उत्तरावर विसंबावे. शिवाय कॅमेऱ्याचा हिरवा रंग आणि ज्योतिर्विदांचा प्रमाणित रंग तंतोतंत एक नसतात. म्हणून तांबूस ताऱ्याची तुलना शक्यतो तांबूस ताऱ्याशीच करावी. काक्षीसाठी रोहिणी सोयीची, ती यासाठीही. डोळ्यांनी पाहणाऱ्यानेही तांबड्या ताऱ्याकडे टक लावू नये. टक लावली की तो असतो त्याहून तेजस्वी भासू लागतो. दोन्ही ताऱ्यांवरून नजर झटपट फिरवावी आणि पहिला कौल मान्य करावा.

आता माझी बदली पणजीस झाली आहे. येथे रात्री मांडवीच्या पाण्यावर दिवेच दिवे असतात आणि आकाशात मोजके तारे उरतात. याच शहरात ‘असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी’ या संस्थेने जुन्ता हाऊसच्या गच्चीवर सार्वजनिक वेधशाळा चालवून अनेक मुलांना शनीची कडी दाखविली, हे कृतज्ञतेने नमूद करतो. ज्या पेडण्याच्या सड्यावरून जत्रेतील दशावतार पाहून आम्ही पहाटे चांदण्यांच्या उजेडात घरी परतत असू, तेथेही आता क्षितिज उजळलेले असते. पूर्वीचे आकाश गेले, याचे दुःख मला आहे. पण मोजणाऱ्याचे अगदीच अडते, असे नाही. दिव्यांचा उजेड आपल्या ताऱ्याभोवती पसरतो, तसाच शेजारच्या तुलनेच्या ताऱ्याभोवतीही पसरतो. दोन्हींतून तो वजा होतो. पणजीच्या गच्चीवरून सहाव्या प्रतीचा तारा मिळणार नाही. परंतु काक्षी आणि मायावती आजही मोजता येतात.

पाऊस सरला आणि दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आरंभ करावा. मायावती तेव्हा रात्री ईशान्येकडून वर येतो. एरवी तो २.१ प्रतीचा असतो आणि मंदावतो तेव्हा ३.४ पर्यंत उतरतो. तुलनेसाठी देवयानीतील अल्माक हा २.१ प्रतीचा तारा आणि ययातीतीलच एप्सिलॉन हा २.९ प्रतीचा तारा घ्यावा. एप्सिलॉनपेक्षाही मंद दिसला, तर आकडा ओढूनताणून न बसविता ‘२.९ हून मंद’ एवढेच लिहावे. ढग असतील, तर ‘ढग’ असे लिहावे. तीही नोंदच आहे, आणि न पाहता भरलेल्या आकड्यापेक्षा तिचे मोल अधिक आहे. घरातील दोघांनी मिळून पाहावे, पण वह्या दोन ठेवाव्यात. आईवडिलांना विनंती एवढीच, की उत्तर आधी सांगू नये.

महिनाभराच्या नोंदी झाल्यावर त्यांची प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवावी. इतरांच्या आकड्यांशी आपला आकडा जुळत नाही म्हणून कोणी वही मागे ठेवू नये. तपासताना मी या वेळी वेळेचा रकाना आधी वाचीन.